बैकालची वंशावळ

मात्वेयची सोयरीक घेऊन बाल्दानकडे मीच गेलो, कारण त्याचं म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतं. दोन हिवाळे तो माझ्याच घरात राहत होता. बैकालच्या बर्फाला भोक पाडून तळाचा गाळ वर काढायचा, ही त्याची नोकरी. पोरगं गुणी, पण जीव जडला तो बाल्दानच्या लेकीवर, सेसेगवर. आणि बाल्दान म्हणजे आमच्या काठावरचा सगळ्यात हट्टी माणूस. माझा नंबर पहिला धरला तर दुसरा.

ताटात गरमागरम बूझा होत्या, मांस भरून वाफवलेल्या. बाल्दानने हात लावू दिला नाही.

"आधी पूर्वज सांग. नऊ पिढ्या. आमच्यात शेंबडं पोरही सांगतं."

मात्वेयचे कान लाल झाले. "एकही माहीत नाही, काका. मी अनाथाश्रमात वाढलो."

"मग येतं तरी काय तुला?"

"बैकालची वंशावळ येते."

मी कपाळावर हात मारला, पण गडी सुरू झाला होता.

"अडीच कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन दोन्हीकडून ताणली जायला लागली. मधोमध फाटली, मधला भाग खचला. त्या खड्ड्यात नद्या आल्या, सोबत गाळ आला. इतर तळी अशीच बुजून मरतात. पण याचा तळ खचतच राहिला. आज पाणी दीड किलोमीटरहून खोल, आणि त्याखाली कित्येक किलोमीटर गाळच गाळ."

"अजून फाटतंय?"

"हो. वर्षाला जवाच्या दाण्याएवढं."

"म्हणजे पलीकडचा माझा मेहुणा लांब चाललाय?"

"थोडा थोडा."

"बरं झालं!" बाल्दान पोट धरून हसला. मग थांबला. "आणि या बैकालचे आईबाप?"

"नाहीत. जमीन फाटली आणि तो झाला, एवढंच. माझ्यासारखाच."

बाल्दानचे डोळे भरले. त्याने उठून मात्वेयला मिठीच मारली. "आजपासून तू माझा मुलगा! माझे पूर्वज ते तुझे! तू शोनो कुळातला!"

"बाबा!" सेसेग किंचाळली. "अहो, मग तो माझा भाऊ झाला!"

बाल्दानने आ वासला. एका कुळात लग्न लागत नाही, हे शिकवणारा तोच. "आता? चुलीसमोर शब्द दिलाय मी. मागे कसा घेऊ?"

"मग बसा चुलीपुढेच!" ती रडायला लागली.

मला मूल नाही. बायको गेल्यापासून रोज सकाळी चहा ओतताना, मात्वेय अंथरुणात असतो तेव्हा, मी माझी नऊ नावं एकट्यानेच घेतो. माझ्यामागे ती कोण घेणार, या विचाराने जीव तुटायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"चुलीत लोणी टाकलंस का, बाल्दान?" मी विचारलं.

"नाही अजून."

"मग तुझा शब्द कच्चा. विस्तवाला लोणी दिलं तरच तो पक्का." मी ताटातला लोण्याचा गोळा उचलला आणि विस्तवात टाकला. आग भडकली. "हा माझा मुलगा. गलजूत कुळातला."

"लबाड रिन्चिन!" बाल्दान ओरडला, पण सेसेगच्या आधी तोच हसला. "बरं, आता तरी नऊ नावं सांगू दे त्याला."

शिकवायला म्हणून मी तोंड उघडलं, तोवर मात्वेयने सुरुवातही केली.

"मी मात्वेय, रिन्चिनचा. रिन्चिन दोर्झूचा. दोर्झू बादमाचा..."

पुढची सहा त्याने बरोबर सांगितली असं बाल्दान म्हणतो. माझं मन पहिल्याच नावापाशी थांबलं होतं.