चढावर दमलेली गाडी

वहिनी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर लोकांच्या हातातून रक्त काढायचं आणि नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. गाडीचं ऑइल स्वतःच बदलणार असं तिने जाहीर केलं, तेव्हा नवरा म्हणाला, "माणसं पुरेनाशी झाली वाटतं?"

गाडी अठरा वर्षांची, टर्बोवाली डिझेल. टर्बोचा पंखा भन्नाट वेगाने फिरतो आणि त्याला आधार असतो तो फक्त तेलाच्या पातळ थराचा. म्हणून तेलात कुचराई चालत नाही, हे वहिनीने पुस्तिकेतून आणि व्हिडिओ बघून घोटून पाठ केलं होतं.

रविवारी सकाळी तिने गाडीखाली टब सरकवला आणि जुनं तेल उतरवलं. काळंकुट्ट! सवयीने दोन बोटांत चोळून, उजेडाला धरून पाहिलं. धातूचा कण कुठे नव्हता. "रिपोर्ट नॉर्मल," ती स्वतःशीच म्हणाली. फिल्टर मात्र असा आडोशाला बसलेला की हात पोचेना. वाटेतला जाड रबरी पाइप काढून बाजूला करावा लागला. मग नवा फिल्टर, नवं तेल, तेल मोजायची पट्टी दोनदा पुसून दोनदा पातळी बघणं. दुपारी ती जेवायला बसली तेव्हा नखं काळी होती, पण तोंडावरून हसू मावळत नव्हतं.

जेवण उरकताच ती नणंदेला क्लासवर सोडायला निघाली. नणंद गाणं शिकवायची. वहिनी तिला थट्टेने 'वन्सं' म्हणायची. सपाट रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालली. पुलाच्या चढावर तिने पाय दाबला मात्र, भस्सकन आवाज झाला आणि गाडीतला जीवच गेला. मागे काळा धूर, त्यामागे हॉर्नचा कल्लोळ.

कशीबशी पूल ओलांडून वहिनीने गाडी कडेला घेतली. "वन्सं, टर्बो गेला. माझ्या हातानेच घालवला गं मी."

नवऱ्याला फोन लावला. "मी सांगत होतो..." एवढं बोलून तो शहाण्यासारखा थांबला. "आता कशाला हात लावू नका. मेकॅनिकला पाठवतो."

नणंद मात्र खाली उतरून बॉनेट उघडून उभी राहिली. "वहिनी, जरा रेस कर. हळू... अजून." डोळे मिटून तिने कान दिला. "पंख्याची शीळ स्वच्छ आहे. खरखर नाही की काही नाही. पण डावीकडे, खाली, हवा सुटतेय बघ. भसाभस."

वहिनीने इंजिन बंद केलं, मोबाइलचा उजेड पाडला आणि कपाळावर हात मारला. सकाळी काढलेला तोच रबरी पाइप! टर्बोची दाबलेली हवा ज्यातून इंजिनकडे जायची, तो तोंडावरून निसटून लोंबत होता. त्याची गोल पट्टी तिने चढवली होती, पण स्क्रू आवळायचाच राहिला होता. मध्ये फोन वाजला होता, असं म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही.

डिकीतून स्क्रू ड्रायव्हर आला. पाइप गरम होता, म्हणून फडक्यात धरून तिने तो जागेवर बसवला आणि स्क्रू आवळून घट्ट केला. मग फोन. "मेकॅनिक नको. चूक माझी होती, निस्तरलीही मीच."

"म्हणजे पेशंट वाचला?"

"पट्टी सैल बांधली होती रे."

क्लासला उशीर झालाच होता, तरी नणंदेनेच हट्टाने गाडी पुन्हा पुलाकडे वळवायला लावली. पुलाच्या चढावर वहिनीने पाय दाबला आणि गाडी अशी उसळली की दोघी एकदमच ओरडल्या.

घरी परतल्यावर, इंजिन निवल्यावर, वहिनी पुन्हा बॉनेटमध्ये वाकली आणि एकेका पाइपची पट्टी तपासू लागली. थोड्या वेळाने नवरा टॉर्च घेऊन आला. अजून लख्ख उजेड होता.

"टर्बो नक्की कुठला गं?" त्याने विचारलं.

वहिनीने त्याचा हात धरून टॉर्च वळवला. "हा. गोगलगायीसारखा दिसतोय तो."

"एवढासा?"

"एवढासाच," ती म्हणाली आणि पुढच्या स्क्रूकडे वळली.