नाव पुकारल्यावर

माझी आई जन्माची हट्टी, पण खुब्याचं हाड मोडल्यावर तरी बाईनं ऐकावं की नाही? सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात ऑपरेशन छान झालं, घरी आणली. डॉक्टर म्हणाले, आता उभी राहिली नाही तर कायमची अंथरुणाला खिळेल आणि मग फार दिवस काढणार नाही. चंदीगडात आम्ही दोघीच. मी नोकरीतून रिटायर्ड, आणि मला तरी तिच्याशिवाय कोण आहे?

व्यायाम करून घ्यायला हरप्रीत यायची. "माताजी, खड़े हो जाओ जी." आई पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात ठेवून बसायची, ढिम्म हलायची नाही. डोकं तर वर्षभरापासून कुठल्या कुठं गेलेलं.

"अगं, ऊठ ना आता," एके दिवशी मी वैतागून म्हणाले.

"अजून मला पुकारलं कुठंय? पुकारल्याशिवाय उठलं तर बाद करतात."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. लग्नाआधी, एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास, आई महिलांच्या राष्ट्रीय मैदानी स्पर्धेत लांब उडीला उतरली होती. मुलींनी बाकावर बसून राहायचं, नाव पुकारलं की एकेकीनं उठायचं.

मी घसा खाकरून मोठ्यानं म्हणाले, "संपदा विजयकुमार शहाणे."

आईनं इकडंतिकडं पाहिलं. "कोण गं ही? उठत का नाही बया?"

मी कपाळाला हात लावला. संपदा हे सासरचं नाव. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं. उडी मारणारी पोरगी वेगळीच होती. तिला तिच्या नावानं हाक मारणारे एकटे शंकरमामा उरले होते, तेही गेले.

"सरोज श्रीनिवास हेर्लेकर. कोल्हापूर."

आईनं वॉकर धरला, दात आवळले आणि उठली. उठली ती थेट खिडकीपर्यंत चालत गेली. हरप्रीत टाळ्या वाजवत होती आणि मला रडू आवरेना.

"आई," मी म्हणाले, "आई गं, चाललीस की."

ती थबकली आणि दाराकडे वळली. "आई आलीय? ती तर येणार नव्हती. म्हणाली, पोरीनं मांड्या उघड्या टाकून उड्या मारायच्या आणि मी बघत बसायचं होय? मेले तरी यायची नाही." तिचे गुडघे थरथरायला लागले. हरप्रीतनं तिला कमरेत धरलं.

"आलीय," मी म्हणाले. "मागं बसलीय. तुझ्याकडंच बघतेय."

"खरं?" म्हणाली आणि सावरली.

आता रोज सकाळी मी सरोजला पुकारते आणि ती उठून चालते. डॉक्टर खूश आहेत. मीही खूश असायला पाहिजे. पण आई म्हणून हाक मारायची सोय राहिली नाही. चुकून तोंडून गेली तर ती दाराकडे बघत थांबते आणि तिचे पाय लटपटायला लागतात. म्हणून ओठांवर आलेली हाक मी गिळते आणि तिच्या मागं मागं चालते.