स्पीकर नको

“पडदा कसा हवा? मोठा, मध्यम, की जुन्यासारखा?” दुरुस्तीवाल्याने काउंटरवर तीन रिकामे सांगाडे मांडले.

“जुन्यासारखाच...” सासूबाईंनी सुरुवात केली.

“मध्यम,” मी म्हणाले. “रंगीत, आतून उजेड असलेला. बारीकातलं बारीक स्पष्ट दिसेल तो.”

मी घरून वाचून आले होते. दूध पाजायची बाटली असो, पाळणा असो, नाही तर साधा साबण, घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल मी आधी सगळं वाचून काढते. नवरा म्हणतो, तू परीक्षेला बसल्यासारखी खरेदी करतेस. ही खरेदी त्याच्या आईसाठी होती. त्यांचा हातातला जुना गेम, तो वरून विटा पडतात आणि ओळी भरायच्या असतात तो, आमच्या लेकीने, चिमणीने, बादलीत बुडवून मारला होता. तसले गेम आता मिळत नाहीत. पण या दुकानात सांगू तसा जुळवून देतात, असं कळलं होतं.

सासूबाई दुकानातल्या स्टुलावर बसल्या होत्या, चिमणी मांडीवर. स्टुलावर त्या अगदी घरच्यासारख्या बसतात. सगळी नोकरी त्यांनी स्टुलावर काढली. मोठ्या दवाखान्याची लिफ्ट चालवायच्या. बाळंतिणी, डॉक्टर, जेवणाच्या गाड्या, चादरीखाली झाकलेली माणसं, सगळ्यांना त्यांनी वर-खाली नेलं. “माझ्याइतकं वर कुणीच गेलं नसेल,” त्या सांगायच्या, “आणि रोज संध्याकाळी तळमजल्यालाच उतरले.” दुपारी लिफ्ट रिकामी असली की त्या विटा रचायच्या. बरा होऊन घरी चाललेल्या एका पोराने जाता जाता त्यांच्या हातात तो गेम ठेवला होता. तेव्हापासून तो सुटला नाही.

“बटणं? फुगीर की सपाट?”

“सपाट,” मी म्हणाले. “फुगीर बटण उचकटलं आणि हिच्या घशात गेलं तर?”

“सेल बदलायचे, की बॅटरी आत बंद?”

“बंद. सेल तर अजिबात नकोत.”

दुरुस्तीवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्टुलाकडे. “खेळणार कोण, बाळ की आजी?”

सासूबाई हसल्या. “अरे, आजीला खेळायचंय, आणि बाळाला खायचंय.”

मीही हसले. मग त्यांनी मान किंचित तिरकी करून विचारलं, “आवाज येईल ना रे?”

“स्पीकर नको,” मीच उत्तर दिलं. “आई, चिमणीची झोप किती सावध आहे माहितेय ना तुम्हाला? टिकटिक झाली की उठून बसते. हेडफोनची सोय आहे ना, तुम्ही खुशाल ऐका.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. चिमणीला उचलून उभं केलं आणि नेहमीसारखं विचारलं, “बोला बाईसाहेब, कितवा मजला?”

गेम घरी आला तेव्हा नवऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला. “काय मस्त घेतलायस! आई, बघ तरी, दागिन्यासारखा दिसतोय.”

“छान आहे रे,” त्या म्हणाल्या. “हलका आहे.”

दुसऱ्या दिवसापासून दुपारी खिडकीपाशी त्यांचा अंगठा पुन्हा चालू लागला. डावीकडे, उजवीकडे, वळव, खाली सोड. घरात शांतता होती. आपल्या निवडीवर मी खूश होते. हेडफोन मात्र पुडीतून बाहेरसुद्धा निघाला नव्हता. म्हटलं, जुन्या माणसांना कानात काही घालायला आवडत नाही.

एक गोष्ट मला आधीपासून खुपायची. चिमणी पायाशी खेळत असली तरी सासूबाई मान वर करायच्या नाहीत. “टेबलाखालून बाहेर ये गं, डोकं आपटेल,” “खिडकीचा पडदा सोड,” सगळं मान खाली घालूनच. मी रात्री नवऱ्याकडे कुरकुर करायची. “त्यांचं लक्ष नसतं रे पोरीकडे. डोळे त्या खेळातच.”

“मला वाढवलंच ना तिने?” तो म्हणायचा.

“तेव्हा गेम नव्हता.”

त्या दुपारी मी वाळलेले कपडे घेऊन त्यांच्या खोलीत गेले. चिमणी जमिनीवर डब्यांची झाकणं आपटत बसली होती. सासूबाईंची माझ्याकडे पाठ होती आणि खांद्यावरून गेमचा पडदा मला लख्ख दिसत होता. निळ्या रंगावर पांढऱ्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सुरू करा’. विटा कुठेच नव्हत्या. अंगठा मात्र चालला होता. डावीकडे, उजवीकडे, वळव, खाली सोड. मध्येच त्या हलकेच “अरेरे” म्हणाल्या.

वाटलं होतं, गुपचूप मागे फिरावं. तेच बरं झालं असतं.

“आई, खेळ सुरूच झालेला नाहीये.”

अंगठा थांबला.

“हो का? मला वाटलं, चाललाय.”

पुढचं मला लिहायलाही जड जातं. माझ्या हातातले कपडे खाली पडले, आणि मी त्यांच्याजवळ गेले नाही. मी चिमणीला उचललं. चटकन, जमिनीवर पाणी सांडलंय आणि त्यातून उचलावं तसं. झाकणं खळकन घरंगळली.

“घेतलंस ना तिला,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वळूनही पाहिलं नव्हतं.

“नाही, ते... ती झाकण तोंडात घालत होती.”

“नव्हती घालत. आपटत होती.”

काय झालं ते चिमणीला कळेना, ती माझ्या कडेवरून आजीकडे झेपावत होती, आणि मी तिला धरून होते.

“मधोमध डाग आलाय गं,” त्या म्हणाल्या. “जिकडे बघावं तिथलंच पुसलं जातं. कडेचं दिसतं. जुन्या गेममध्ये विटा चांगल्या जाड होत्या, मान तिरकी केली की भागायचं. शिवाय वीट सरकली की टिक व्हायचं, वळली की टुक, ओळ भरली की वाजायचं. बटण अंगठ्याला लागायचं. याच्यात सगळंच गुळगुळीत.”

“मग हेडफोन का नाही लावलात?” माझा आवाज चढला. चूक त्यांचीच निघावी, असं मला त्या क्षणी फार वाटत होतं.

“कानात बोंडं घातली तर ही कशी ऐकू येणार?”

मी चिमणीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“हिला मी कानानेच सांभाळते. लिफ्टचं दार लागायच्या आत मला कळायचं, बाहेर कोण धावत येतंय ते. हिचं काय मोठं? पळते तेव्हा डावा पाय जोरात टाकते. आणि गप्प झाली की ओळखायचं, तोंडात काहीतरी गेलंय.”

चिमणी डावा पाय जोरात टाकते. मला माहीत नव्हतं. रोज तिच्या श्वासावर नजर ठेवून असणारी मी, मला माहीत नव्हतं.

“सांगितलं का नाहीत?”

त्यांनी गेम मांडीवर पालथा ठेवला. “सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?”

चिमणी माझ्या कडेवर होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपायचं, असं म्हणाले. नवरा त्या दिवशी आईचा हात धरून रस्ता ओलांडायला गेला तर त्यांनी त्याला झटकलं. “अरे, दिसतो मला रस्ता. तूच मधोमध उभा राहू नकोस, तेवढा पुसला जातोस.” तो हसला आणि मग पान खाल्ल्यासारखा उगाच तोंड मिटून चालत राहिला.

आम्ही दोघी पुन्हा त्या दुकानात गेलो. दुरुस्तीवाल्याने मला विचारलं, “काय बदलायचं, ताई?”

“त्यांना विचारा,” मी म्हणाले.

त्याने बटणांचा अख्खा खणच काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. सासूबाई एकेक बटण अंगठ्याखाली दाबून पाहत होत्या. “हे बोथट आहे. हे चिकट. हं, हे चावतंय नीट. हे दे. घट्ट बसव रे, पोरगी खाईल.” पडदा त्यांनी जुन्यासारखा, करड्या रंगाचा आणि जाड विटांचा निवडला.

“आणि स्पीकर?”

त्यांचा चेहरा माझ्याकडे वळला, किंचित तिरका. “बसव. पण आवाज कमी-जास्त करायचं चाक ठेव. पोरगी झोपली की मी हळू करीन.”

मला म्हणायचं होतं, नका करू हळू. तोंडातून निघालं एवढंच, “बिल किती झालं?”

आता दुपारी घरात टिक, टुक ऐकू येतं. कधी ओळ भरते आणि गेम आनंदाने वाजतो, चिमणी टाळ्या पिटते. ती झोपलेली असली की आवाज अगदी मुंगीएवढा होतो. चिमणी त्यांच्याकडेच असते. तसं मी ठरवलंय, नवऱ्याला सांगितलंय, स्वतःलाही रोज सांगते.

पण काल गॅसवर दूध ठेवून मी बाहेर आले आणि पाय आपोआप त्यांच्या खोलीकडे वळले. अनवाणी, आवाज न करता. दाराच्या फटीतून पाहिलं. चिमणी आजीच्या पायाला टेकून बसली होती, झाकणावर झाकण ठेवत होती. सगळं ठीक होतं. मी तरी उभीच राहिले, श्वास रोखून.

टिकटिक थांबली.

“दार उघडंच आहे,” सासूबाई आतून म्हणाल्या. लिफ्टच्या दारात घुटमळणाऱ्या कुणालाही म्हणायच्या तशा, राग नाही, लोभ नाही. “आत यायचंय, की जाऊ?”

मला ना आत जाता आलं, ना तिथून हलता आलं.

त्यांनी थोडी वाट पाहिली. मग आत पुन्हा टिक झालं.