आठव्या वाफ्याचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना गादीवाफा आहे. फाटक्या छत्रीचं आणि मोडक्या खुर्चीचं मनोगत तुम्ही दरवर्षी परीक्षेत लिहिता. मातीलाही काही म्हणायचं असेल, असं तुमच्या बाईंना कधी वाटलेलं दिसत नाही. म्हणून आज मीच बोलतो. जरा तिखट बोललो तर वाईट वाटून घेऊ नका. इतकी वर्षं ज्याने त्याने माझ्यावर उपाय केले आणि एकानेही आधी माझ्यात हात घालून पाहिलं नाही.

माझा जन्म १९९९ सालचा. शिरोली एमआयडीसीच्या मागे जयपाल नावाच्या शेतकऱ्याचं रान आहे. तिथली काळी माती पाणी धरून बसते, आणि जयपालला तर पॉलिहाऊस उभारून, प्लास्टिकच्या छपराखाली जरबेराची फुलं घ्यायची होती. म्हणून शाहूवाडीच्या उतारावरची लाल माती ट्रकने आली. भुसभुशीत होती, पण कस म्हणाल तर नावाला. तिच्यात शेणखत आणि भाताचं तूस मिसळून गुडघाभर उंचीचे आठ लांबलचक वाफे रचले. मी आठवा, अगदी कडेचा.

लावणीआधी माती निर्जंतुक करा, असं पुण्याहून आलेले सल्लागार सांगून गेले. फॉर्मेलिनचे कॅन आले. जयपालची आई रत्नाबाई ते बघून उखडल्या.

"अरं, शेणखतात गांडुळं हाईत की! जित्या जिवावर इख वतणार व्हय रं?"

"आई, सगळीच करत्यात. मातीत रोग असतोय," जयपाल म्हणाला.

रत्नाबाई घमेलं घेऊन माझ्याशेजारी बसल्या आणि दोन दिवस एकेक गांडूळ वेचून बाहेरच्या शेवग्याखाली सोडत राहिल्या. एक वाफा झाला आणि त्यांची कंबर धरली. बाकीचे सात तसेच राहिले. मग आम्हा आठांवर फॉर्मेलिन ओतलं. त्या दिवसापासून रत्नाबाईंनी पॉलिहाऊसमध्ये पाऊल टाकलं नाही.

पहिली तीन वर्षं फुलं बशीएवढी आली. पाहुणे यायचे, फुलांचं कौतुक, छपराचं कौतुक, ठिबकच्या नळ्यांचंसुद्धा कौतुक! नळीला शाबासकी मिळते आणि मातीला नाही, हे मी आजतागायत विसरलेलो नाही.

चौथ्या वर्षी फुलं लहान होऊ लागली. होणारच! रोज नळीतून खत यायचं, आणि डोक्यावर छप्पर असल्यामुळे पावसाचा एक थेंब मला धुवायला येत नव्हता. त्या खतांचे क्षार साठून माझ्या अंगावर पांढरा थर आला. झाडांची मुळं करपू लागली. आणि जयपालने काय करावं? खत दुप्पट केलं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

मी आवळून घट्ट झालो, तेव्हा त्याचा गडी कृष्णात एक युक्ती घेऊन आला.

"अण्णा, वाळू मिसळली की माती मोकळी हुत्या. माझा भाऊ फौंड्रीत हाय. वापरल्याली काळी वाळू ढिगानं पडल्या, फुकट न्ह्या म्हणतोय."

फुकट म्हटल्यावर कोण विचार करतो? ती धातूच्या ओतकामाची वाळू आम्हा आठांवर थराने पसरली. साचा घट्ट बसावा म्हणून तिच्यात चिकणमाती घातलेली असते. तिच्यावर पाणी पडलं आणि दोन महिन्यांत माझ्यावर खुरपं आपटलं की ठण्ण वाजू लागलं. त्यावर जयपाल म्हणतो, "ही मातीच करंटी!" नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?

शेवटी २००६च्या उन्हाळ्यात त्याने ठरवलं, माती काढून खाणीच्या खड्ड्यात टाकायची आणि कुंड्या मांडायच्या. माझे सात भाऊ ट्रॅक्टरमध्ये भरून गेले. मी उरलो, आणि खरं सांगतो, भ्यालो होतो. कृष्णातने माझ्यावर फावडं उचललं, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"त्यो वाफा ऱ्हाऊ दे. मला दे त्यो."

सात वर्षांनी रत्नाबाई आत आल्या होत्या.

"आई, ती माती मेल्या," जयपाल म्हणाला.

"मग मारली कुणी?"

जयपालने कृष्णातच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि मी वाचलो. वरचं प्लास्टिक नाहीतरी विरलं होतं. नवं घालायचं ते दिवाळीनंतर घाला, असं रत्नाबाईंनी बजावलं. कृष्णातकडून काळ्या वाळूचा थर खरवडून घेतला. पुढे चातुर्मास लागला. त्या जैन घरातल्या, चार महिने माती खणायची नाही असा त्यांचा नेम. म्हणून मला कुणी खणलं नाही, उकरलं नाही. नुसतं उसाचं पाचट आणि शेणकाला माझ्यावर पसरला. पाचटाची ओली वाट थेट शेवग्यापर्यंत नेली.

"काकी, गांडुळं आणून सोडू काय?" कृष्णातने विचारलं.

"धरून न्हाय आणायची. ऱ्हावंसं वाटलं तर येतील."

पावसाने माझं मीठ धुऊन नेलं. आणि ती आली! वेचून नेलेल्यांची नातवंडं-पतवंडं असतील. मी किती सुखावलो, कसं सांगू?

दिवाळी झाली. नवं प्लास्टिक चढलं, माझ्यावर पुन्हा जरबेरा लावायचं ठरलं, आणि सवयीप्रमाणे जयपाल फॉर्मेलिनचा कॅन घेऊन हजर! या माणसाला काय म्हणावं?

रत्नाबाईंनी त्याच्यापुढे घमेलं सरकवलं. "वत की. पर ह्या खेपंला वेचणार तू."

जयपाल बसला. पाचट बाजूला करून त्याने पहिल्यांदा माझ्यात हात घातला. मनगटापर्यंत सहज गेला. तो वेचू लागला. घमेलं भरत आलं, ऊन डोक्यावर आलं, तरी माझा हातभर भागसुद्धा संपला नव्हता. तो थांबला. घमेलं उचललं. मग त्याने ते अलगद माझ्यावरच पालथं केलं आणि पाचट पुन्हा ओढून घेतलं.

"कृष्णात, कॅन परत देऊन ये," तो म्हणाला.

मित्रांनो, तुमच्या दारात एखादी कुंडी असेल. तिच्यात काही ओतण्याआधी एकदा हात घालून बघा. मला एवढ्यासाठी सात वर्षं थांबावं लागलं, आणि माझे सात भाऊ अजून त्या खाणीत पडले आहेत.