हातचे दोन

ती भिंत तुम्ही झाकलीत, साहेब. माणूस आम्ही मारला नाही म्हणता; मग भिंत कोणी झाकली, तेवढं तरी कबूल करा.

गोदामात मालाच्या लिफ्टसमोर पांढऱ्या फरश्यांची भिंत होती. लिफ्टवर पाचशे किलोच्या वर माल चढवायचा नाही. खोक्यांवर खडूने वजनं लिहिलेली असत आणि मुकादम त्यांची बेरीज तोंडी करी. म्हणायचं तोंडी, करायचा डोळ्यांनी. भिंतीकडे बघितलं की एकेक आकडा एकेका फरशीत जाऊन बसे. हातचा ठेवायची जागाही ठरलेली: कोपरा उडालेली फरशी. डोळे मिटून त्याला साधी बेरीज जमत नसे. त्याच्या बायकोचा भाऊ खाली माल लावायचा, तो तर टपूनच असे.

"दाजींचं डोकं या भिंतीत आहे. ताईकडे संध्याकाळी नुसतं धड जातं."

"गप खोकं लाव. माझं धड निदान घरी तरी जातं, तुझं बाकड्यावरच लोळत असतं."

मग तुमचा फलक आला. 'या वर्षातले अपघात', आणि खाली परातीएवढं लाल शून्य. नेमकं त्या फुटक्या फरशीवर. मुकादम तुमच्याकडे आला. "साहेब, जरा बाजूला लावा. माझी बेरीज बिघडते."

तुम्ही हसलात. "फलक बघून बेरीज बिघडते? डोळे तपासून घे."

तेव्हापासून तो प्रत्येक बेरीज दोनदा करी. त्या दिवशी बाहेर ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही, म्हणून एकदाच केली. दोनशे एकसष्ट, एकशे ब्याऐंशी, एकशे नव्वद. एककाचे तीन. दशकाचे तेवीस, तीन मांडले, हातचे दोन सवयीने त्या जागी ठेवले. शतकाचे चार झाले. हातचे उचलायला नजर गेली, तर तिथे लाल शून्य.

"चारशे तेहेतीस! सोड वर!"

होते सहाशे तेहेतीस. लिफ्टची तार तुटली. खाली मेव्हणा पुढचं खोकं ओढत होता.

चौकशीत तुम्ही मुकादमाला तीच बेरीज करायला लावलीत. कचेरीची भिंत कोरी, रंगवलेली. तो बघत राहिला. कोऱ्या भिंतीवर लाल गोल उमटला.

"चारशे तेहेतीस," तो म्हणाला.

तुम्ही एकमेकांकडे बघितलंत आणि 'हलगर्जीपणा' लिहून मोकळे झालात.

आता घरी न्हाणीत तो पाणी घ्यायचं विसरतो. फरश्यांत आकडे बसायला लागतात आणि कोपऱ्यातून आवाज येतो, नेहमीसारखा, चेष्टेतला. "दाजी, हातचे कुठे ठेवलेत?" तो शोधतो. भिंत नखांनी खरवडतो. बायकोने न्हाणीच्या भिंतीवर जुनी चादर ठोकली. चादरीला चौकडी होती; आकडे त्या चौकटींतही बसायला लागले. तिने तीही ओरबाडून काढली.

"तुम्ही चुकलात एवढं म्हणा," ती रडत म्हणाली. "मी सोसेन. पण भिंतीत माझ्या भावाला शोधू नका."

"चुकलो," तो म्हणाला. "एकदाच केली बेरीज." आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

त्याने आपली चूक मानली, साहेब. तुमचा फलक मात्र अजून तिथेच आहे. चूक एकट्या मुकादमाची, म्हणून अपघात मोजायचा नाही, असं तुम्हीच ठरवलंत. शून्य तसंच लाल आहे.

त्या बाईचा भाऊ तुम्ही कुठल्या घरात मांडलात? उत्तर द्या.