पडद्यावरचा रस्ता

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. आता लगेच खिडकीकडे पाहू नका! खिडकीचे पडदे माझे लांबचे नातेवाईक. पण खरे सांगायचे तर आमचे फारसे येणे-जाणे नाही. मी नाटकाचा पडदा आहे. बांबूला गुंडाळलेला आणि कप्पीवरून दोरीने खाली सोडायचा. माझ्यावर एक अख्खा रस्ता रंगवलेला आहे. म्हणून सगळे मला 'रस्त्याचा पडदा' म्हणतात.

माझा जन्म एका नव्या कोऱ्या नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत झाला. समोरच्या दुकानातल्या शिंपीकाकांनी मांजरपाटाच्या जाड कापडाचे लांब पट्टे जोडून मला शिवले. मग रंगाऱ्याने मला खळ लावून भिंतीवर ताणले. माझ्या आधी त्याने राजवाड्याचा आणि जंगलाचा पडदा रंगवला होता. आता नाटकातल्या राजधानीचा रस्ता हवा होता. पण रंगाऱ्याने राजधानी कधी पाहिलीच नव्हती. त्याने थोडा वेळ डोके खाजवले, नाट्यगृहाच्या दारात स्टूल टाकले आणि समोर दिसणारा रस्ताच काढायला घेतला.

ही बातमी रस्त्यावर पसरायला कितीसा वेळ लागणार! सगळ्यात आधी शिंपीकाका आले. "पडदा मी शिवला. मग माझं दुकान त्यात पहिलं पाहिजे," असे म्हणून ते हटूनच बसले. चहावाला फुकटचा चहा घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "किटली जरा मोठी काढ हं." न्हाव्याने बजावले, "माझ्या खुर्चीत टकला माणूस बसवू नकोस. लोक काय म्हणतील?"

शिंपीकाकांची एक लहान मुलगी होती. दुकानात खाली पडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा करायचे काम तिच्याकडे होते, म्हणून सगळे तिला टाचणीच म्हणत. रंगाऱ्याने तिलाही माझ्यावर घेतले. शिलाई मशीनच्या पायाशी बसलेली, हातात लोहचुंबक धरलेली ती एवढीशी पोर म्हणजे टाचणी.

रस्त्याच्या अगदी टोकाला मात्र रंगाऱ्याने एक तपकिरी बंद दार काढले आणि हात धुतले. ते दार बंद का, हे कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

पहिल्या प्रयोगाचा दिवस मी कधीच विसरणार नाही. दोरी सुटली, मी भर्रकन खाली आलो आणि राजा राजधानीत फेरफटका मारायला निघाला. तेवढ्यात प्रेक्षकांतून आरोळी आली, "ते बघा, माझं दुकान!" शिंपीकाका चक्क खुर्चीवर उभे राहिले होते. दुसरा नट असता तर गडबडून गेला असता. पण आमचा राजा पक्का होता. तो वळला आणि रुबाबात म्हणाला, "शिंपीबुवा, आमचा अंगरखा झाला का?"

काकांनी तिथूनच हात जोडले. "उद्या या, महाराज! काजं करायची राहिलीत!"

नाट्यगृह हसून हसून लोटपोट झाले. मीसुद्धा हसलो. मला तोंड नाही, पण मला हलताना मागच्या दोरीवाल्याने पाहिले. त्या दिवसापासून राजाने तेच विचारायचे आणि काकांनी तेच उत्तर द्यायचे, असा पायंडाच पडला.

ते दिवस कसे मजेचे होते म्हणून सांगू! नाटक असले की दुपारपासून रस्त्याला जाग यायची. नटांचे कपडे शिंपीकाकांकडे, दाढ्या न्हाव्याकडे, तुटलेल्या चपला कोपऱ्यावरच्या चांभाराकडे. बाहेरगावचे लोक आधी नाटक पाहायचे आणि मग तीच दुकाने खरोखर आहेत का ते बघायला बाहेर पडायचे. बघता बघता चहा व्हायचा, खरेदी व्हायची. मी काही नुसता शोभेचा नव्हतो, मित्रांनो. मी रोज संध्याकाळी या रस्त्याचे आमंत्रण देत होतो.

पुढे लोकांना करमणुकीची दुसरी साधने मिळाली. नाटके कमी झाली, मग नाट्यगृहाला कुलूप लागले. मी माळ्यावर पडून राहिलो. उंदरांनी माझ्या आभाळाला भोक पाडले. एक उंदरीण तर माझ्यावर रंगवलेल्या चांभाराच्या दुकानातच बाळंत झाली! तिची पिल्ले गोड होती, हे कबूल करायला हवे. पण दोरीचा तो करकर आवाज आठवला की मला फार एकटे वाटायचे.

खाली रस्ताही सुकत चालला होता. शिंपीकाका गेले. टाचणी मोठी झाली आणि दुकान तिच्याकडे आले. पण गिऱ्हाईक कुठे होते? ती दिवसभर मशीनला तेल घालत बसायची. एक दिवस सगळ्या दुकानदारांची बैठक झाली. नाट्यगृह पाडून तिथे गाड्या लावायला जागा करावी, मग गिऱ्हाईक येईल, असे ठरले. टाचणीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. "हे झालं नाही तर मला वडिलांचं दुकान बंद करावं लागेल," ती म्हणाली. तिच्यावर मला राग नाही आला. पोटाचा प्रश्न होता.

पाडण्याआधी नाट्यगृह रिकामे केले, तेव्हा मला तिनेच मागून घेतले. धुळीने माखलेली ही गुंडाळी म्हणजे कोणता पडदा, हे तिला ठाऊक नव्हते. "कापड अजून दणकट आहे. पिशव्या शिवते," असे म्हणून तिने मला खांद्यावर घेतले. दुकानात मी मावेना, म्हणून रस्त्यातच मला टोकाकडून थोडे उलगडले आणि तिने कात्री हातात घेतली. माझे काय झाले असेल, याची कल्पना करा! कर्रकर्र करत कात्री वीतभर आत शिरली आणि मध्येच थांबली.

कात्रीच्या टोकासमोर मशीनचा पाय होता. त्या पायाशी, लोहचुंबक धरून, एक एवढीशी पोर बसली होती.

टाचणीच्या हातातून कात्री गळून पडली. "अगंबाई! ही तर मी!" तिने वाकून त्या पोरीवरची धूळ पुसली. मग एकदम ओरडली, "अरे, या सगळे! हे बघा, माझे बाबा!"

सगळ्यांनी मिळून मला पूर्ण उलगडले. चहावाल्याच्या मुलाला आपल्या वडिलांची किटली सापडली. न्हावी आपल्या तरुणपणाकडे पाहून म्हणाला, "काय केस होते हो माझे!" येणारे-जाणारे थांबले. थांबलेल्यांनी घरी फोन करून आणखी माणसे बोलावली. चहाच्या टपरीवरचे दूध संपले, परत आणले, तेही संपले. माझ्याभोवती उभ्या असलेल्या एका बाईने टाचणीला ब्लाउज शिवायला टाकला, दुसरीने परकर.

संध्याकाळी टाचणी दुकानदारांना म्हणाली, "आपण गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायला जागा करत होतो. पण गिऱ्हाईक इथे येणार कशाला, हे आपण कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी माझी वरात नगरपालिकेत गेली. साहेबांच्या खोलीत मी मावलो नाही, म्हणून मला जिन्यावरून खाली सोडले. सगळी कचेरी कामे सोडून बाहेर आली. साहेबांनी टाचणीचे म्हणणे ऐकले, वरपासून खालपर्यंत तो रस्ता पाहिला आणि नाट्यगृह पाडायचे थांबवले. शिवाय छपरावर नवी कौले बसवायला माणसे पाठवली.

आता माझी दुरुस्ती सुरू झाली. टाचणीने मागून ठिगळे लावली. रंगारीआजोबांना त्यांची मुलगी लांबून घेऊन आली. तेवढ्यात टोकाचा मोबाइल दुरुस्तीवाला कुरकुरला, "सगळ्यांची दुकानं आहेत, माझंच नाही. मी काय उपरा आहे?"

सगळ्यांच्या नजरा त्या बंद दाराकडे गेल्या. आता तिथेच त्याचे दुकान होते. लोकांनी त्या दाराचे किती अर्थ लावले होते! कोणी म्हणे रंगाऱ्याची प्रेयसी तिथे राहायची, कोणी म्हणे ते नशिबाचे दार. टाचणीने आजोबांनाच विचारले, "हे दार बंद का हो काढलंत?"

आजोबांनी चष्मा पुसला. "हिरवा रंग संपला होता गं. आणि भूकही लागली होती."

हसू ओसरल्यावर आजोबांनी कुंचला मागितला. मुलीने त्यांच्या मनगटाला आधार दिला. तपकिरी दार हिरवे झाले, अर्धे उघडले आणि आत मोबाइल टांगलेले दिसू लागले. मोबाइलवाला नुसता पुन्हा पुन्हा येऊन पाहत राहिला.

परवा नाट्यगृह पुन्हा उघडले. नाटक तेच, राजा नवा. बाहेर चहाची किटली एकसारखी उकळत होती आणि टाचणीने मदतीला दोन बायका ठेवल्या होत्या, कारण सगळ्या दरबाराचे कपडे तिच्याकडे होते. दोरी करकरली आणि मी भर्रकन खाली आलो.

"ते बघा, माझं दुकान!" मोबाइलवाला खुर्चीवर चढला होता.

राजा वळला. "दुकानदार, आमचा फोन झाला का?"

"उद्या या, महाराज! स्क्रीन यायचीय!"

असा हशा झाला की माझी धूळ उडाली. पुढच्या रांगेत टाचणी हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. जुने म्हणून काही कापायला घ्याल, तेव्हा आधी ते पूर्ण उलगडून पाहा. कदाचित त्यात तुम्हीच बसलेले असाल. आणि मला जपायचे म्हणून काचेत ठेवू नका. मला वापरा, फाटलो तर शिवा, नवे कोणी आले तर त्यालाही माझ्यावर जागा द्या. कात्रीची ती वीतभर खूण अजून माझ्या अंगावर आहे. टाचणीने ती इतक्या बारीक टाक्यांनी शिवली आहे की पटकन दिसत नाही. पुढच्या रांगेत बसून नीट पाहा. आज नाही दिसली, तर उद्या या.