कोंडवाड्याची डोणी कुणाची?

मित्रांनो, माझा एक कोपरा फुटलेला आहे. त्यावरून मला ओळखा. मी जिंतूरच्या वाटेवरच्या एका गावातली जुनी दगडी डोणी आहे. माझं घर म्हणजे कोंडवाडा. पिकात शिरलेली, मोकाट सुटलेली जनावरं तिथं कोंडून ठेवत. मालक येई, दंड भरी आणि आपलं जनावर सोडवून नेई. तोवर त्या जनावराला पाणी पाजायचं, हे माझं काम.

पाथरवटानं मला काळ्या दगडातून घडवलं तेव्हा निजामाचं राज्य होतं. पखालवाला रोज कातडी पखालीतून पाणी आणून मला काठोकाठ भरून जाई. मला वाटे, हे असंच चालणार.

मग राज्य बदललं. लोकांनी झेंडा लावला, साखर वाटली. मलाही आनंद झाला. पण पखालवाला यायचा थांबला, तो का, हे मला कळेना. पुढे आम्ही हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलो म्हणे. मी तर जागची हललेही नव्हते! पंचायत म्हणे, कोंडवाडा महसूल खात्याचा. महसूलवाले म्हणत, पंचायतीचा. किल्ली राखणदार धोंडीबाकडे असे. पाण्याचं विचारलं की तो म्हणे, "मला कोंडायचा हुकूम हाय, पाजायचा न्हाई."

मालक येत, माझा कोरडा तळ बघून हळहळत आणि आपलं जनावर घेऊन जात. एकदा गेलेलं माणूस परत येत नसे. एका उन्हाळ्यात एक गाय माझ्या काठावर मान टाकून मेली. तिची काय चूक होती? मी रिकामी का होते? मला काहीच उलगडेना.

पुढच्या चैत्रात एक आंधळी म्हैस आत आली. तिच्या मालकाचा पत्ता नव्हता. खरखरीत जिभेनं ती माझा तळ चाटत राही. आता हीसुद्धा जाणार, एवढंच मला कळत होतं. अशात शेळ्या राखणाऱ्या केवळाबाईची शेळी आत कोंडली गेली. केवळाबाईनं दंड भरला, शेळी सुटली, पण बाई दारातच उभी राहिली.

"चल की मावशे," गाडीवान बन्सीधर म्हणाला. "सुटली ना तुजी?"

"माजी सुटली. हिचं काय?" तिनं म्हशीकडे बोट दाखवलं. "गेल्या साली तुजा बैल हितंच व्हता. तू बी असाच गेलास."

बन्सीधर वरमला. "बरं, घागरभर आणतो पाणी."

"आज आणशील. उद्याच्याला?" केवळाबाई म्हणाली. "पाणी हितं येत न्हाई ना? मग डोणीच पाण्याकडं नेऊ. चावडीपुढच्या आडावर!"

माणसं पहारी घेऊन आली. धोंडीबा डोकं खाजवत म्हणाला, "न्या बाबा. तुमाला अडवायचा बी हुकूम न्हाई मला."

मला बन्सीधरच्या गाडीत चढवलं. आपल्याला कुठं फेकून देतात की काय, या विचारानं मी घाबरले. गाडीला दाव्यानं बांधलेली म्हैस मागून येत होती. चावडीपुढे उतरवताना माझा कोपरा फुटला. केवळाबाईनं पाणी शेंदून मला भरलं आणि म्हशीनं तोंड घातलं. तेवढ्यात सरपंच माणिकराव चावडीतून बाहेर येऊन ओरडले, "आमची डोणी कुणाला इचारून उचलली?"

"ऐकलं का समद्यांनी?" केवळाबाई म्हणाली. "सरपंच आमची म्हनले! डोणी तुमची, तर पाणी बी तुमीच भरा, दादा."

"तसं न्हाई म्हनलो मी..." माणिकराव मागे सरले. लोक हसले. म्हैस पीतच होती. हसण्यासारखं काय झालं, ते मला कळलं नाही. पण हसून झाल्यावरही कुणी घरी गेलं नाही. सगळे तिथंच बसले. दिवस मावळताना माणिकरावांनी रोज पाणी भरायचं कबूल केलं, तेव्हाच उठले.

डोणी रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसली पाहिजे, असा केवळाबाईनं आणखी एक हट्ट धरला. म्हणून मला परत नेऊन कोंडवाड्याच्या भिंतीतच बसवलं, अर्धी आत, अर्धी रस्त्याकडे. पुढे म्हशीचा मालक तिला शोधत देवगाव फाट्याकडून आला. ती माझ्यापाशी उभी होती.

त्यानंतर राज्याचं नाव पुन्हा बदललं. माणसं बदलतात, खाती बदलतात. मी कुणाची, हे मला अजून समजलेलं नाही. मित्रांनो, तुमचं जनावर आत नसलं तरी जाता-येता माझ्या बाहेरच्या अर्ध्या भागात हात घालून बघा. हात कोरडा निघाला, तर आवाज द्या. कुणाला द्यायचा, ते मला विचारू नका.

ते केवळाबाईलाही ठाऊक नव्हतं.